मागे ट्रेलर, समोर चढ आणि तेराशेवर गेलेली सुई

मामा कराडहून आमच्याकडे डेन्व्हरला आले तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. उभी हयात ट्रकवर गेलेला माणूस. कुंभार्ली घाट त्यांना घरच्या जिन्यासारखा पाठ. त्यांना घेऊन आम्ही चार दिवस रॉकी पर्वतात कॅम्पिंगला गेलो होतो आणि परतीच्या वाटेवर होतो. गाडी माझी जुनी रॅम पिकअप, १९९७ ची, ५.९ लिटरचं कमिन्स डिझेल इंजिन, पाच गिअर. मागे कॅम्पर ट्रेलर. निघताना ट्रकस्टॉपच्या काट्यावर सगळं मिळून वजन भरलं होतं १६ हजार पौंड, म्हणजे सव्वासात टन.

सिल्व्हरथॉर्न गाव सोडलं की इंटरस्टेट ७० आयझेनहॉवर बोगद्याकडे चढायला लागतो. गाव साधारण ९ हजार फुटांवर, बोगदा ११ हजारांच्या वर. मधला चढ काही टप्प्यांत ७ टक्क्यांचा, म्हणजे शंभर फूट पुढे गेलात की सात फूट वर. मी पाचव्या गिअरवर, ताशी ५५ मैल, पाय पूर्ण खाली. काचेशेजारच्या खांबावर मी बसवलेल्या छोट्या डायलची सुई ११०० वरून १२०० वर गेली, मग १३०० कडे सरकली. मामांचं डायलकडे लक्षच नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अरे, कुंथतेय गाडी. चौथ्यावर टाक की."

टाकला. वेग जवळपास तोच राहिला, इंजिनाचा आवाज चढला आणि सुई अर्ध्या मिनिटात १२०० च्या खाली आली. मामांनी तेव्हा कुठे डायलकडे बोट केलं. "हे कशाचं मीटर?"

त्यांना जे समजावलं तेच इथे सविस्तर लिहितो. अमेरिकेत पिकअप घेऊन मागे कॅम्पर, बोट किंवा घोड्यांचा ट्रेलर जोडणारे मराठी लोक आता मला बरेच भेटतात, आणि या सुईबद्दल त्यांच्या डोक्यात निम्मी माहिती आणि निम्मी भीती असते.

हे मीटर एक्झॉस्ट गॅसचं तापमान फॅरनहाइट अंशांत दाखवतं. इकडे सगळे त्याला ईजीटी म्हणतात. सिलिंडरमधून जळून बाहेर पडलेला वायू किती गरम आहे, एवढंच ते सांगतं. रेडिएटरच्या पाण्याचं तापमान वेगळं. पाणी तापायला मिनिटं लागतात, शिवाय थर्मोस्टॅट ते धरून ठेवतो. ईजीटी मात्र तुमच्या उजव्या पायाबरोबर नाचतो. पाय दाबला की काही सेकंदांत शंभर-दोनशे अंश वर, सोडला की खाली. त्यामुळे चढावर पाण्याचा काटा मधोमध निवांत बसलेला असताना आत पिस्टन आणि टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा) भाजून निघत असू शकतात. कारखान्यातून आलेल्या पिकअपमध्ये हा काटा सहसा नसतोच. जुन्या गाड्यांत आपण बसवायचा, नव्यांत ओबीडी सॉकेटला, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो त्या खाचेला, मॉनिटर जोडून बघायचा.

आता हे तापतं कशामुळे? इथे पेट्रोल गाडीवाल्यांची गल्लत होते. पेट्रोल इंजिनात जोर लावताना इंधन थोडं जास्त सोडलं तर आतलं तापमान उतरतं, म्हणून अनेकांना वाटतं की डिझेलमध्येही तसंच. डिझेलचं गणित उलटं आहे. एक किलो डिझेल पुरतं जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी हवा अडवणारी झडप नसते. दर फेरीला ते मिळेल तेवढी हवा ओढतं, आणि ताकद कमी-जास्त होते ती फक्त इंधन किती फवारलं यावर. गाडी नुसती उभी असताना एका किलोमागे हवा ऐंशी किलोच्याही पुढे जाऊ शकते. पूर्ण ओझ्यावर ती विसाच्या आसपास येते. म्हणजे हवा कायम गरजेपेक्षा जास्त. ती जास्तीची हवा जळण्याच्या कामाची नाही, पण ती उष्णता वाटून घेते.

मामांना मी म्हटलं, "आंघोळीच्या बादलीत विसण घालतो ना, तसं." कढत पाणी म्हणजे जळलेलं डिझेल, विसण म्हणजे उरलेली हवा, आणि डायल म्हणजे बादलीत घातलेला हात. डिझेल वाढवलं आणि हवा तेवढीच राहिली, की विसण कमी पडतं. अगदीच कमी पडलं की काही इंधन अर्धवट जळतं आणि मागून काळा धूर निघतो. काळ्या धुराची गाडी जोरात ओढतेय असं समजणारे दोन्ही देशांत आहेत. तो धूर म्हणजे फुकट गेलेलं डिझेल.

तेव्हा सुई चढली की एकच प्रश्न विचारायचा: डिझेल जास्त जातंय, की हवा कमी येतेय?

चढावर डिझेल जास्त का जातं ते आकड्यांत बघू. सव्वासात टन वजन ताशी ५० मैलांनी, म्हणजे ८० किलोमीटरने, ७ टक्के चढावर न्यायचं तर नुसतं ते वजन वर उचलायला जवळजवळ १५० हॉर्सपॉवर लागतात. वारा, टायरांचं घर्षण आणि गिअरबॉक्समध्ये जाणारा भाग वेगळा. माझ्या इंजिनाची कागदावरची ताकद २१५. म्हणजे अशा चढावर ते मिनिटामागून मिनिटं जवळपास पूर्ण ताकदीवर चालतं. सपाट रस्त्यावर ओव्हरटेक करताना आपण पूर्ण ताकद दहा सेकंद मागतो, इथे दहा मिनिटं. तोच चढ ताशी ३५ मैलांनी घेतला तर उचलायला १०५ च्या आसपास पुरतात, आणि वाऱ्याचा वाटा तर निम्म्याहूनही खूप खाली येतो, कारण वाऱ्याशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. कॅम्पर ट्रेलर म्हणजे चाकांवर उभी केलेली भिंत. वेग थोडा उतरवला की सुई किती खाली येते हे एकदा स्वतः पाहिलं, की माणूस आपणहून उजव्या लेनमध्ये जातो.

आता हवा. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर आहे आणि डेन्व्हर शहर १६०९ मीटरवर. म्हणजे आम्ही रोज दूध आणायला जातो ते जवळपास कळसूबाईच्या उंचीवर. बोगदा त्याच्या दुपटीच्याही वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो, कारण तो हवा दाबून आत ढकलतो. पण पातळ हवा दाबायची तर त्याला जास्त गरगरावं लागतं, जास्त दाबलेली हवा जास्त तापते, आणि तापलेली हवा पुन्हा विरळ. इंटरकूलर ती गार करतो, पण त्यालाही थंड करणारी हवा पातळच मिळते. म्हणून समुद्रकाठच्या टेक्सासमध्ये जो ट्रेलर ११०० वर आरामात ओढला, तोच कोलोरॅडोत सुई तेराशेला नेतो आणि मालक मेकॅनिककडे धाव घेतो. बहुतेक वेळा गाडीत काही बिघाड नसतो.

मग चौथ्यावर टाकल्यावर काय झालं? पाचव्यावर इंजिन मिनिटाला १६०० फेऱ्या मारत होतं, चौथ्यावर २१०० च्या पुढे. रस्त्यावर लागणारी ताकद तेवढीच, पण ती आता जास्त फेऱ्यांत वाटली गेली. प्रत्येक फेरीत फवारलं जाणारं डिझेल कमी झालं, आणि सिलिंडर भरतोय मात्र दर वेळी जवळपास तेवढ्याच हवेने. बादलीतलं कढत पाणी कमी, विसण तेवढंच. शिवाय फेऱ्या वाढल्या की पाण्याचा पंप आणि पंखाही जोरात फिरतो. कमी फेऱ्यांवर इंजिन शांत वाटतं म्हणून त्याला आराम आहे असं वाटणं ही नवख्या माणसाची सगळ्यात महाग चूक. मामांनी कधी ईजीटीचं नावही ऐकलं नव्हतं, पण इंजिनाचं कुंथणं त्यांना ऐकू येत होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर टो-हॉल मोडचं बटण दाबायचं, ते हेच काम करतं: खालचा गिअर लवकर घेतं आणि जास्त वेळ धरून ठेवतं. वरचा गिअर चढावर घेऊ-सोडू करत असेल तर हाताने बंद करून टाकावा.

शेवटचे दोन मैल मी तिसऱ्यावर काढले. ताशी ३५ मैल, चारही इंडिकेटर चालू, पुढे मालाचा ट्रक. सुई १०५० वर, फेऱ्या २३०० च्या आसपास. मामांना तो ट्रक पुढे असल्याचं फार समाधान होतं.

किती म्हणजे जास्त? जुन्या डिझेल पिकअपवाल्यांमध्ये रूढ असलेला आकडा १२५० अंश फॅरनहाइट, म्हणजे ६७७ सेल्सिअस. चढ संपेपर्यंत, मिनिटांच्या हिशेबात, याच्या खाली राहायचं. क्षणभर १३०० ला स्पर्श झाला म्हणून काही वितळत नाही, पण १५०० जवळ खेळत बसलात तर इंजिन उघडायची तयारी ठेवा. या आकड्यामागचं कारण म्हणून एक गोष्ट सर्रास सांगितली जाते, की ॲल्युमिनियम १२२१ फॅरनहाइटला वितळतं आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा. योगायोग सुंदर आहे, पण कारण तेवढं सरळ नाही. सिलिंडरच्या आत ज्वाला भडकते त्या क्षणी तापमान २००० सेल्सिअसच्या पुढे जातं, तरी पिस्टन टिकतो, कारण तो क्षण मिलिसेकंदांचा असतो आणि खालून तेलाची धार पिस्टनला सतत गार करत असते. डायलवर दिसतं ते या सगळ्या उष्णतेचं उरलेलं, सरासरी रूप. पिस्टनचा धातू वितळण्याच्या खूप आधीच मऊ पडायला लागतो, आणि त्याला तापायला वेळ लागतो. म्हणून सुई किती वर गेली याच्याइतकंच ती तिथे किती वेळ राहिली हेही बघायचं. भोगायला लागतं ते आधी पिस्टनच्या वरच्या कडेला, एक्झॉस्ट व्हॉल्व्हला, मॅनिफोल्डला (सगळ्या सिलिंडरांचा एक्झॉस्ट गोळा करून टर्बोकडे नेणारा बिडाचा पाइप) आणि टर्बोच्या गरम बाजूला. मॅनिफोल्डला तडे जातात. अंधारात बॉनेट उघडलं तर लोहाराच्या भट्टीतल्या सळईसारखी मंद लाली दिसू शकते. लोखंड साधारण हजार फॅरनहाइटला अशी लाली धरायला लागतं.

पण आकडा सांगण्याआधी विचारा की सेन्सर बसवलाय कुठे. टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये, की टर्बोच्या नंतर पाइपात? टर्बो त्याच वायूतून ताकद काढून घेतो, त्यामुळे ओझ्यावर पलीकडचं तापमान दोनशे-तीनशे अंश फॅरनहाइटने कमी दिसतं. टर्बोनंतरच्या डायलवर १२०० बघून निर्धास्त असलेला माणूस मी पाहिलाय. १२५० चा नियम टर्बोच्या आधीचा आहे.

आधी बसवायचं म्हणजे मॅनिफोल्डला भोक पाडायचं, म्हणून लोक टाळतात. मीही वर्षभर टाळलं. शेवटी एका शनिवारी केलं. ड्रिलच्या टोकाला भरपूर ग्रीस चोपडायचं, दोन-चार वळसे घ्यायचे, बाहेर काढून पुसायचं, पुन्हा ग्रीस. बिडाचा चुरा त्या ग्रीसला चिकटून काळा चिखल होऊन येतो. आरपार जायच्या बेतात हात अगदी हलका करायचा, आणि मग लोहचुंबक लावलेली तार आत फिरवायची. एवढा उपद्व्याप कशासाठी, तर पुढच्याच वळणावर टर्बोचं पातं मिनिटाला लाखभर फेऱ्या मारणार असतं, आणि त्यात एक कण जाणं परवडत नाही. नंतर आटे पाडून थर्मोकपल बसवायचा. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडलेल्या. जोड तापला की अगदी क्षीण विजेचा दाब तयार होतो आणि डायल तो मोजून अंश दाखवतो.

सुई गेल्या वर्षीपेक्षा त्याच चढावर, त्याच वजनाला जास्त चढायला लागली तर मात्र ते गाडीचं दुखणं असू शकतं. आधी एअर फिल्टर बघा. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी होज. मी एकदा इंटरकूलर धुवायला काढला आणि बसवताना एक क्लॅम्प नीट आवळलाच नाही. घराजवळ काही कळलं नाही. पहिल्या चढावर बूस्टचा, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या दाबाचा, काटा नेहमीच्या जागी पोचेना, ईजीटी भराभर वर, मागे काळा धूर आणि बॉनेटखालून फुसफुस. टर्बो हवा दाबत होता आणि ती वाटेतच निसटत होती. म्हणून दोन डायल शेजारी हवेत: बूस्ट आणि ईजीटी. दोन्ही चढले तर चढ आहे. ईजीटी चढला आणि बूस्ट मागे राहिला तर कुठेतरी हवा गळतेय किंवा अडलीय.

ताकद वाढवायची चिप किंवा ट्यून घातलेली असेल तर तिने वाढवलेलं असतं ते मुख्यतः डिझेल. रिकाम्या गाडीला मजा येते. ट्रेलर जोडल्यावर ती बंद करावी किंवा सर्वांत खालच्या पायरीवर ठेवावी, यात माझं मत ठाम आहे.

नव्या गाड्यांचं प्रकरण थोडं वेगळं. २०२३ च्या फोर्ड सुपर ड्युटीत ५०० हॉर्सपॉवरचं डिझेल आलं, रॅममध्ये १९८९ साली पहिलं कमिन्स आलं ते १६० चं. एवढ्या ताकदीला कॉम्प्युटरचा पहारा असतो. तापमान फार चढलं तर तो आपणच डिझेल आखडतो आणि तुम्हाला फक्त गाडी दमल्यासारखी वाटते. शिवाय ओढण्याचे आकडे आता एसएई या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेच्या जे-२८०७ या मानकाने ठरतात. त्यातली एक परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या ११.४ मैलांच्या चढावरची: उन्हाळ्याची गरमी, एसी पूर्ण चालू, आणि ठरलेल्या वेगाच्या खाली जायचं नाही. टोयोटाने ते आधी स्वीकारलं, बाकीचे काही वर्षांनी आले. पण डेव्हिस डॅमचा रस्ता आमच्या बोगद्याइतका उंच नाही, हे माहितीपत्रक वाचताना लक्षात ठेवा.

नव्या गाडीत मॉनिटर जोडणाऱ्याची पहिली घाबरगुंडी वेगळीच असते. रिकामी गाडी, सपाट रस्ता, आणि एक्झॉस्टचा आकडा ११०० वर! २००७ नंतरच्या गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरत आला की कॉम्प्युटर मुद्दाम जास्तीचं डिझेल सोडून एक्झॉस्ट तापवतो आणि आतली काजळी जाळून टाकतो. ही साफसफाई आहे, होऊ द्यावी, मध्येच गाडी बंद करू नये. फक्त तेव्हा वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, आग लागते. गंमत अशी की जड ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा हा फिल्टर जास्त साफ राहतो, कारण तिचा एक्झॉस्ट मुळातच तापलेला असतो आणि काजळी चालता चालता जळत जाते. तो तुंबतो ऑफिसला जाऊन-येऊन करणाऱ्या पिकअपचा. आणि "काढून टाका, गाडी गार पळेल" असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टखाली ती छेडछाड बेकायदा आहे.

बोगद्यातून बाहेर पडलो आणि उतार लागला. तिसराच गिअर, एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्टची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी धरणारा) चालू, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढलेला. डिझेल जवळजवळ बंद, हवा मात्र चालूच, म्हणून सुई भराभर खाली आली आणि चारशेच्या आसपास झोपली. उतारावर ईजीटीची काळजी नसते, तिथे ब्रेकची असते, आणि त्यात मामांना शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

राहिलं गाडी बंद करणं. टर्बोची बेअरिंग इंजिनाच्या तेलावर फिरतात. भर चढावरून थेट थांबून चावी फिरवली तर तेल थांबतं, पण टर्बोची गरम बाजू तापलेलीच असते आणि आत उरलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. दर वेळी मिनिटं मोजायची गरज नाही. महामार्ग सोडून गावात दोन सिग्नल केले की काम झालेलं असतं. धोका चढाच्या माथ्यावरच थांबणाऱ्याला किंवा थेट महामार्गावरून पंपावर शिरणाऱ्याला. मी ३०० अंश फॅरनहाइटच्या खाली आल्याशिवाय बंद करत नाही.

त्या दिवशी उतार संपल्यावर पुन्हा एक चढ लागला आणि तो संपताच पंप आला. मी गाडी आत घेतली. पाचशे, साडेचारशे, चारशे. मामा दार उघडून खाली उतरले, वाकून ट्रेलरच्या चारही चाकांच्या हबवर हात ठेवून पाहिला, परत येऊन खिडकीतून आत डोकावले.

"किती झालं?"

"साडेतीनशे, मामा."

"मग तोवर चहाचं बघतो," म्हणाले आणि दुकानाकडे चालू लागले.